सांगणारी पोर

लातुरात क्लासेसच्या गल्ल्यांमध्ये एकही घर एकमजली राहिलेलं नाही. ज्याच्याकडे जागा होती त्याने वर मजला चढवला, मजल्यावर पलंग टाकले आणि दारावर मुलींच्या नाहीतर मुलांच्या वसतिगृहाची पाटी ठोकली. गुरम्मा आणि तिचा नवरा सिद्धलिंग यांनीही तेच केलं. सिद्धलिंग आडत बाजारात मुकादम होता. दिवसभर हमालांवर ओरडून तो घरी यायचा तेव्हा त्याच्याकडे बोलण्यासारखं काही उरलेलं नसायचं, त्यामुळे वसतिगृह गुरम्माचंच. नांदेड, कंधार, देगलूर, उदगीर अशा ठिकाणांहून डॉक्टर व्हायला आलेल्या बावीस पोरी तिच्याकडे राहत आणि तिला अक्का म्हणत.

अक्काचं नाव होतं ते पोरींना बोलतं करण्यासाठी. रात्रीच्या जेवणानंतर ताटं उचलायच्या आधी प्रत्येकीने दिवसातली एक गोष्ट सांगायचीच, असा तिचा नियम. काही नाही घडलं म्हटलेलं चालायचं नाही. नायगावचे ग्यानोबा नावाचे एक गृहस्थ थोरल्या मुलीला सोडायला आले तेव्हा ती आईच्या पदराआड उभी होती, आणि वर्षाने परत नेली तेव्हा बापाशीच वाद घालत एस.टी.त चढली. ‘आता ती माझंबी ऐकून घेत न्हाई,’ अशी तक्रार करत त्यांनी पुढच्या वर्षी धाकटीलाही इथेच आणून टाकलं. ‘सांगितल्याबिगर कुणाला कळणार हाय? सांगितलं की माणसं धावून येतात,’ हे अक्काचं ठरलेलं वाक्य. ते तिने कोणाकडून ऐकलेलं नव्हतं, अनुभवातून आलेलं होतं, आणि म्हणूनच त्यात काही चूक असेल असं तिला कधी वाटलं नाही.

तो अनुभव त्र्याण्णव सालचा. गुरम्मा नऊ वर्षांची होती आणि औसा तालुक्यातलं तिचं गाव भूकंपात गेलं. आई गेली, आजी गेली, दोन भाऊ गेले. बाप आधीच नव्हता. ती स्वतः कशी वाचली, किती वेळ आत होती, कोणी ओढून काढलं, हे मी इथे लिहिणार नाही. ते तिने इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलेलं आहे, की ज्याला हौस असेल त्याने त्या वर्षीची वर्तमानपत्रं काढून वाचावीत. या गोष्टीला त्याची गरज नाही.

तिला सांभाळलं सिद्धराम काकाने. काका, काकू, त्यांची तीन पोरं आणि ही, असे सगळे पत्र्याच्या एका शेडमध्ये राहायला आले. पहिल्याच आठवड्यात पुण्याहून एक बाई आल्या, बाजेवर बसल्या आणि त्यांनी वही उघडून विचारलं, काय झालं गं बाळ? गुरम्माने रडत रडत जे होतं ते सांगितलं. बाईही रडल्या. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि चार दिवसांनी एक ट्रक आला. त्यातली घोंगडी, स्टोव्ह आणि भांडी पहिल्यांदा सिद्धरामच्या शेडपुढे उतरली. काकाला जे समजायचं ते समजलं.

सिद्धराम दुष्ट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. थंडी तोंडावर होती आणि सहा जणांना दोन पांघरुणं होती. पण त्या दिवसापासून धुरळा उडवत गाडी आली, की त्याची हाक यायची, ‘गुरम्मा, ये गं. पाहुण्यायला सांग.’ आणि पाहुण्यांना काही तोटा नव्हता. प्राध्यापक आले, महिला मंडळं आली, गोरे साहेब दुभाष्या घेऊन आले, कॅमेरेवाले आले. गुरम्मा जेवत असली तर ताटावरून उठायची, खेळत असली तर डाव टाकून यायची. दोन्ही हात पाठीमागे घ्यायची, हनुवटी खाली करायची आणि सांगायची. तिसऱ्या महिन्यापर्यंत कुठल्या वाक्याला समोरचा रुमाल काढतो हे तिला कळायला लागलं आणि त्या वाक्याआधी ती थांबायला शिकली. वस्तीत तिला सांगणारी पोर म्हणत. सांगून झालं, की पाहुणा डोक्यावरून हात फिरवणार हे ठरलेलं. पाहुण्यांच्या हाताला तेल लागतं म्हणून काकूने तिच्या केसांना तेल लावायचं बंद केलं, आणि हे सगळ्यांना अगदी शहाणपणाचं वाटलं.

एकदाच तिने नाही म्हणून बघितलं होतं. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. शाळेत जायची घाई होती, केस विंचरायचे राहिले होते आणि बाहेर जीप येऊन थांबली. ‘मी न्हाई सांगत आज,’ ती म्हणाली. काकाने हात उगारला नाही. तो नुसता म्हणाला, ‘तू न्हाई सांगितलं तर कोण सांगल? मेलेले येऊन सांगतील का?’ गुरम्मा बाहेर गेली आणि तिने सांगितलं.

त्यानंतर तिच्या तोंडी हाव बसलं ते बसलंच. आमच्याकडे हाव म्हणजे हो, पण गुरम्माचं हाव समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत यायचं. सतराव्या वर्षी लग्न ठरलं, हाव. वर मजला चढवू, हाव. दर वर्षी तीस सप्टेंबर जवळ आला, की एखाद्या शाळेचा किंवा चॅनलचा फोन यायचा, ताई यंदा आमच्याकडे दोन शब्द बोलायला यायचं हं, आणि हाव. तिला यात काही खुपतही नव्हतं. सांगितल्याने पांघरूण मिळालं होतं, सांगितल्याने शाळेची फी माफ झाली होती. तिच्या लेखी सांगणं हे औषध होतं. आपल्याला ते कोणी आणि कसं पाजलं, हा विचार तिने केलेला नव्हता.

दोन हजार सतराच्या जून महिन्यात कंधारहून मुबश्शिरा आली. तिचा बाप मुज्तबा. बसस्टँडजवळ त्याचं पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करायचं दुकान. पोरीची पेटी जिन्याने वर चढवून झाल्यावर तो घाम पुसत म्हणाला, ‘मॅडम, पोरगी बोलते कमी, पण सवाल लई विचारते. तेवढं सांभाळून घ्या.’ सवाल विचारते म्हणजे काय ते गुरम्माला लवकरच कळलं. मुबश्शिराकडे एक जाड वही होती. त्यात तिने अभ्यासातल्या शंका नंबर घालून लिहिलेल्या होत्या. लातुरात शंकेला कोणी शंका म्हणत नाही, डाउट म्हणतात. क्लास सुटला, की सरांच्या टेबलापुढे डाउटची रांग लागते आणि एकेकाने पुढे जाऊन आपला डाउट सोडवून घ्यायचा असतो. मुबश्शिरा रोज त्या रांगेत असायची. जेवणानंतर तिची पाळी आली, की ती सांगायची, आज सहा डाउट सुटले, आज चार सुटले. बाकीच्या पोरी हसायच्या, पण तिला त्याचं काही नव्हतं.

ऑगस्टमध्ये ती जेवायला पाठीवर बॅग अडकवूनच यायला लागली. पोरींनी थट्टा केली, ‘ही आंघोळीलाबी बॅग नेते का गं?’ गुरम्माच्या लक्षात आलं, की क्लासला जाताना, येताना, बाकावर बसतानासुद्धा तिची बॅग पाठीवरच असते. दोन्ही पट्टे आवळलेले. रोजची गोष्ट सांगायची वेळ आली, की ती म्हणायची, आज पाणी उशिरा आलं. डाउट कुठे गेले ते ती सांगत नव्हती. एकदा पलंगावर वही उघडी पडली होती, तेव्हा गुरम्माने बघितलं, एकशे चौदा नंबरनंतर सगळी पानं कोरी होती. आठवड्याच्या परीक्षेत पोरगी खाली खाली चालली होती, आणि क्लासवाले मार्क बापाच्या मोबाइलवर पाठवत असत. मुज्तबाचा फोन आला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, दमलेल्या माणसाचा होता. ‘मॅडम, असंच राहिलं तर मी तिला घेऊन जातो. तिच्या खालानं, म्हंजे मावशीनं, एक जागा सांगितलीय. पोरगं चांगलं हाय.’

तेव्हा प्रश्न एवढाच होता. पोरीचं काय बिघडलं ते कळलं नाही, तर ती कंधारला जाणार होती आणि तिथून लग्नाला.

गुरम्माने तिला गच्चीवर वाळलेले कपडे काढायला बोलावलं आणि चादरीची एक बाजू तिच्या हातात देऊन विचारलं, ‘बॅग कामून काढत न्हाईस?’ मुबश्शिराने चादरीची घडी घातली, दुसरी चादर ओढली, तिचीही घडी घातली. मग म्हणाली, ‘फिजिक्सचे सर डाउट सांगताना पाठीवर हात ठेवतात. मग काढत नाहीत. हात खाली खाली येतो. मी बॅग घालून गेले तर म्हणाले, बॅग काढून नीट उभी राहा. रांगेत मागं अकरा जण होते. सगळे वहीत बघत होते.’ थोडं थांबून ती म्हणाली, ‘म्हणून मी आता डाउट विचारत नाही.’

 गुरम्माने हातातले कपडे टाकले आणि पोरीला छातीशी धरलं. पोरगी अंग ताठ करून उभी राहिली, तिकडे मात्र गुरम्माचं लक्ष गेलं नाही. ‘सांगितलंस ते लई बरं केलंस,’ ती म्हणाली. ‘आता बघच तू, माणसं कशी धावून येतात.’

कोणी धावून आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरम्मा तिला क्लासच्या ऑफिसात घेऊन गेली. तिथल्या व्यवस्थापकाने खुर्च्या दिल्या, चहा सांगितला आणि म्हटलं, ‘काय झालं बेटा? न घाबरता सांग.’ मुबश्शिराने सांगितलं. त्याने मान हलवली आणि त्यांना अभ्यासक्रमाच्या प्रमुखाकडे पाठवलं. तो म्हणाला, ‘पहिल्यापासून सांग बरं.’ तिने पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्या खोलीत पोरांच्या मनाचं बघायला ठेवलेल्या एक बाई होत्या. त्यांनी फॉर्म काढला, पण पेन काही उघडलं नाही. संचालक गावाला गेले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी मोबाइल टेबलावर ठेवून आणखी एकदा. चारही वेळा गुरम्मा शेजारी बसून म्हणत होती, ‘सांग मुबश्शिरा. साहेबायला सांग.’ चारही जणांनी बघतो म्हटलं. कोणी कागदावर एक अक्षर लिहिलं नाही.

जिना उतरताना गुरम्माने कौतुकाने पोरीच्या पाठीवर थाप मारली. ‘आता चांगलं सांगायला लागलीस. पहिल्यांदा किती अडखळत होतीस.’ मुबश्शिरा थांबली, तिने अक्काकडे बघितलं आणि पुढची पायरी उतरली. त्या दिवशी जेवणानंतर तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, ‘आज काही नाही.’ ‘असं कसं? सांग कायतरी,’ गुरम्मा म्हणाली. ‘आज चहा पिला,’ मुबश्शिरा म्हणाली. पोरी हसल्या आणि गुरम्माही हसली.

चौथ्या दिवशी मुज्तबा पहिल्या गाडीने आला. गुरम्मानेच त्याला फोन केला होता, कारण बापाला सांगितलंच पाहिजे असं तिचं मत होतं. संचालक परत आले होते. त्यांच्या केबिनमध्ये गारवा होता आणि भिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो होते. ते गोड बोलणारे गृहस्थ होते. ‘वडलांसमोर एकदा होऊन जाऊ दे बेटा,’ ते म्हणाले, ‘म्हणजे कोणाचा गैरसमज राहणार नाही. हं, सांग.’

मुबश्शिरा उभी राहिली. तिचे दोन्ही हात पाठीमागे गेले आणि हनुवटी खाली आली. ती सांगायला लागली, आणि तिच्या आवाजात काही नव्हतं. वाक्यं तीच होती, त्याच क्रमाने होती. गुरम्माला ती इतकी पाठ झाली होती, की तिचे ओठ सोबत हलत होते. रांगेत मागं अकरा जण होते, यानंतर ही थांबणार, असं गुरम्माच्या मनात आलं, आणि मुबश्शिरा थांबली. संचालकांनी च्‌ च्‌ केलं. मग ते टेबलाला वळसा घालून पुढे आले. ‘माझ्या मुलीसारखी आहेस तू,’ असं म्हणत त्यांनी तिच्या डोक्याकडे हात नेला, आणि तो हात पोचावा म्हणून पोरीने मान आणखी थोडी खाली घेतली.

गुरम्माला स्वतःची किळस आली. हे उभं राहणं, हे थांबणं, ही मान, हे तिला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. काकाकडे निदान पांघरुणाचं कारण होतं. आपण हिला चार दिवसांत कशासाठी तयार केलं?

‘हात लावू नका, सर,’ ती म्हणाली.

आवाज जरा मोठाच निघाला. संचालकांचा हात हवेत राहिला. ‘अहो ताई, मी आशीर्वाद...’

‘तिला इचारलं का तुमी?’

संचालकांनी हात खाली घेतला. गुरम्मा आता थांबायला तयार नव्हती. ‘ती परत सांगणार न्हाई. तुमच्या इथं पाचदा सांगून झालं. एक कागद द्या मला.’ कागद मिळाला. गुरम्मा सातवी शिकलेली, अक्षर मोठं आणि डावीकडे कललेलं. टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून तिने अर्धं पान लिहिलं आणि कागद मुबश्शिरापुढे धरला. ‘बघ. चुकलं असलं तर खोड.’

मुबश्शिराने कागद दोनदा वाचला. मग पेन मागून घेतलं. गुरम्माने लिहिलं होतं, मी घाबरून डाउट विचारणे बंद केले. पोरीने घाबरून हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, राग येऊन. खाली सही केली. गुरम्माने तो कागद संचालकांपुढे सरकवला.

 मुज्तबा उठला. त्याने कोणाकडे बघितलं नाही. ‘झालं एवढं पुरे हाय,’ तो म्हणाला. ‘आमाला तक्रार-बिक्रार न्हाई करायची. चल बेटा, सामान घे. घरी चल.’

‘मी येणार नाही, अब्बा.’

‘बदनामी होईल. तुला कळायलं का?’

‘माझी कशी होईल? मी काय केलं?’ मुबश्शिराच्या आवाजात आता जोर होता. ‘माझे एकशे चौदाच्या पुढचे सगळे डाउट राहिलेत.’

संचालकांनी संधी साधली. ‘हिला आपण दुसऱ्या बॅचला टाकू. संध्याकाळची बॅच. सर वेगळे.’

‘मी कशाला बदलू? त्यांना बदला,’ मुबश्शिरा म्हणाली.

मुज्तबा उभाच होता. कंधारच्या दुकानात बसून तो गावभरच्या जळलेल्या मोटारी उघडतो आणि कुठली तार गेली ते बोटाने सांगतो. पण आपली पोर अशी बोलू शकते हे त्याला माहीत नव्हतं. तो पुन्हा खुर्चीवर बसला. ‘मग इथंच राहतेस?’ त्याने विचारलं. ‘हाव,’ ती म्हणाली.

सर दुसऱ्या दिवसापासून रजेवर गेले. घरगुती कारण, असं क्लासने कळवलं. गुरम्माचं एवढ्यावर समाधान नव्हतं. त्या कागदाची झेरॉक्स घेऊन पोलिसांत जायचं म्हणून तिने चपला घातल्या, फाटकापर्यंत गेली आणि परत वळली. आपण पुन्हा तेच करायला निघालो होतो हे तिच्या ध्यानात आलं. ती वर गेली आणि तिने मुबश्शिराला विचारलं, ‘पोलिसात देऊ का न्हाई? तू सांगशील तसं.’ मुबश्शिरा म्हणाली, विचार करून सांगते. तिने दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत गुरम्माने सिद्धलिंगशी दोनदा भांडण काढलं आणि सगळ्या पोरींच्या पलंगाखालची जळमटं काढली, पण पोरीला परत विचारलं नाही.

‘पोलिसांना सांगते,’ मुबश्शिरा तिसऱ्या दिवशी म्हणाली. ‘पण एकदाच. इथं, खोलीत. आणि अक्का, तुम्ही बाहेर बसा.’

‘मी बाहेर? मला तर समदं पाठ हाय.’

‘म्हणूनच,’ मुबश्शिरा म्हणाली.

गुरम्माला ते फार लागलं. रडू येईल इतकं लागलं. पण साध्या सलवार-कमीजमध्ये एक बाई फौजदार आल्या, त्यांनी पोरीलाच विचारलं, मी कुठं बसू, आणि दार लागलं, तेव्हा गुरम्मा लसणाची पाटी घेऊन जिन्यात जाऊन बसली. तासाभरात तिने आठवड्याचा लसूण सोलला. दाराला कान लावला नाही. बाहेरून पोरीला हाक मारावी असं तिला तीनदा वाटलं आणि तीनदा तिने स्वतःला आवरलं.

पुढचं सगळं गोड झालं असं सांगता आलं असतं तर मला आवडलं असतं. सर जामिनावर सुटले आणि तारखा पडत राहिल्या. अर्धी गल्ली म्हणत होती, पोरगी खोटं बोलते. उरलेली अर्धी म्हणत होती, गुरम्माला जुनी सवय आहे पेपरात नाव यायची. तीन पोरींना त्यांचे आईबाप दुसऱ्या वसतिगृहात घेऊन गेले. पण त्या दिवशी रांगेत मागे उभ्या असलेल्यांपैकी दोघी एका दुपारी आपणहून आल्या आणि फौजदार बाईंचा नंबर मागून गेल्या. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. क्लासने फिजिक्सला एक वयस्कर बाई नेमल्या, त्यांच्या टेबलापुढेही रांग लागायला लागली.

वसतिगृहाचा नियम गुरम्माने बदलला. जेवणानंतर ज्या पोरीला सांगायचं नसेल तिने आज नको म्हणायचं, कारण द्यायचं नाही. पहिल्या दिवशी एकोणीसच्या एकोणीस पोरींनी ओळीने आज नको म्हटलं आणि पोट धरधरून हसल्या. गुरम्माने रागाने ताटं आपटली. आठवडाभर हाच तमाशा चालला. मग हळूहळू एकेक जण सांगायला लागली, आणि आधीपेक्षा थोड्या वेगळ्या गोष्टी सांगायला लागली.

तीस सप्टेंबर आला. फोन आधीच येऊन गेला होता, आणि नेहमीप्रमाणे वाक्य पुरं व्हायच्या आत गुरम्माचं हाव गेलं होतं. ती गेली. एका शाळेच्या पटांगणात मुलं ओळीने बसली होती, त्यांच्यापुढे तिने सांगितलं. कुठं थांबायचं तिथं थांबली. मुख्याध्यापकांनी शाल घातली. घरी आल्यावर तिचं डोकं इतकं दुखत होतं, की तिने शाल न काढताच आडवं अंग टाकलं. दुसऱ्याच्या पोरीसाठी नको म्हणायला तिला एक क्षण पुरला होता. स्वतःची वेळ आली, की तिला तो शब्द सापडत नव्हता, आणि आपल्याला तो सापडत नाही हे त्या संध्याकाळी तिला पहिल्यांदा कळलं.

डिसेंबरातली गोष्ट. गुरम्मा चुलीवर भाकरी करत होती, गॅस संपला होता. बाकीच्या पोरी क्लासला गेल्या होत्या. मुबश्शिराला ताप येऊन गेला होता म्हणून ती घरी होती. ती वही घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. बॅग वर खोलीत होती.

‘अक्का, एक विचारायचं होतं.’

‘विचार की.’

‘भूकंपाचं. सगळ्या पोरींना माहीत आहे, मला तुमच्याकडून ऐकावंसं वाटतं. पण आधी हे विचारते. विचारू का नको?’

गुरम्माच्या हातात पिठाचा गोळा होता. तरी तिचे हात मागे जायला निघाले आणि हनुवटी खाली आली. पहिलं वाक्य ओठांवर येऊन थांबलं होतं. चोवीस वर्षांत तिला हजार माणसांनी सांग म्हटलं होतं. सांगतेस का, असं कोणी विचारलं नव्हतं.  पोरगी वाट बघत होती, पण तिचा चेहरा एका उत्तरासाठी हटून बसल्यासारखा नव्हता. दोन्ही उत्तरं तिला चालणार होती.

‘नको,’ गुरम्मा म्हणाली.

आणि ती वाट बघत राहिली. आता कोणीतरी म्हणेल, तू नाही तर कोण सांगणार. आता कोणीतरी म्हणेल, थोडं तरी. तिने पिठाचा गोळा घट्ट धरून ठेवला होता.

‘बरं,’ मुबश्शिरा म्हणाली आणि वही उघडून गणित करायला लागली.

गुरम्माचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत, हाताला पीठ होतं. कोणी काही मागत नव्हतं, कोणी रुसलं नव्हतं, बाहेर गल्लीत रिक्षा वाजत होत्या. ती तशीच बसून राहिली.

‘अक्का,’ मुबश्शिरा मान वर न करता म्हणाली, ‘भाकर जळायली.’